खेळावरून मन उडते तेव्हा : सारीपाट ते रॉयल पास

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, फराळ झाला आणि भाचा शेजारी येऊन बसला. वाळूजच्या एका कारखान्यात तो पाळीत काम करतो. अकरावीत असताना त्याला मोबाइलवरच्या पबजीचा नाद लागला. पुढे तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आला, तेव्हा त्यात तो ‘क्राउन’ या वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचला होता. त्या दिवशी म्हणाला, “मामा, आता खेळावंच वाटंना. उघडतो, दोन मिनिटं बघतो अन् बंद करतो. माझं काय बिघडलं असंल?” स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, “बिघडलं नाही, सुधरलं. सुटलं एकदाचं.” बहीण खूश होती. भाचा मात्र काहीतरी हरवल्यासारखा बसला होता.

मला लगेच उत्तर सुचले नाही. व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक सगळे नाद लागण्याविषयी असते. नाद आपोआप सुटतो तेव्हा नेमके काय होते, याकडे फारसे कोणी बघत नाही. खेळाची समीक्षाही खेळ कसा पकडून ठेवतो यावरच गुण देते. माझ्या मते हे अर्धेच परीक्षण झाले. खेळ माणसाला कसा जाऊ देतो, हेही तपासायला हवे. म्हणून वर्षभर मी दोन गोष्टी शोधत राहिलो. आपल्या जुन्या खेळकथांत माणसे डावावरून कशी उठतात, ही पहिली. आजचे खेळ त्यांना कसे उठू देतात किंवा देत नाहीत, ही दुसरी.

हरून उठणे

दिवाळी अंकाला हा विषय परका नाही. बलिप्रतिपदेचे एक नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले, अशी कथा सांगतात. गंगापूरहून वेरूळ जवळच. तिथे रामेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २१ क्रमांकाच्या लेण्यात आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. सहलीला आलेली शाळेची पोरे या शिल्पापुढे हमखास थांबतात. देवही खेळतात, याचे त्यांना नवल वाटते.

स्कंदपुराणात आणि श्रीधरस्वामींच्या ‘शिवलीलामृता’त या खेळाची पुढची गोष्ट आहे. शंकर एकेक वस्तू पणाला लावतो, सगळे हरतो आणि सरळ वनात निघून जातो. मग पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्याच्यामागे जाते. श्रावणात घरोघरी ही पोथी वाचली जाते आणि या प्रसंगाला ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू येते. पण आपल्या प्रश्नापुरते बघायचे तर शिवाचे मन खेळावरून उडालेले नाही. तो हरला आहे, रुसला आहे. त्याचे उठणे हे हरलेल्याचे उठणे आहे. असा माणूस उद्या पुन्हा पट मांडून बसू शकतो.

विटून उठणे

दुसरी कथा ‘लीळाचरित्रा’तली. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या या ग्रंथात श्रीचक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकीकत येते. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव द्यूतात रमलेला असतो. एकदा तो मोठी रक्कम हरतो. देणे फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो आणि ती नकार देते. त्या नकाराने त्याला संसाराचा उबग येतो. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट होते आणि हरिपाळदेवाचे चक्रधर होतात.

महानुभाव परंपरेत या प्रसंगाचा अर्थ अर्थातच अवतारकार्याच्या अंगाने लावतात, आणि त्या श्रद्धेत मला ढवळाढवळ करायची नाही. मी तो खेळाच्या बाजूने वाचतो आहे. इथे द्यूत सुटते, पण एकटे द्यूत सुटत नाही. त्यासोबत घर, बायको, राजवैभव सगळेच सुटते. हा वीट आहे. खेळ सोडणे म्हणजे एक मोठा झटका बसणे, डोळे उघडणे, आयुष्यच पालटणे, ही समजूत आपल्या मनात अशा कथांनी घट्ट बसवली आहे. “सुटलं एकदाचं” म्हणताना माझ्या बहिणीच्या मनात हीच समजूत होती. तिच्या दृष्टीने मुलगा व्यसनमुक्त झाला होता.

पूर्ण करून उठणे

तिसरा प्रकार मोक्षपटाचा. आज सापशिडी म्हणून मुले जो खेळतात, त्याचे हे जुने रूप. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. प्रत्यक्षात अभ्यासले गेलेले पट मात्र बरेच नंतरचे आहेत. डेन्मार्कचे संशोधक जेकब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली पश्चिम भारतातल्या अशा पटांवर प्रबंध लिहिला, तोही अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या पटांवर.

या पटावर घरांना नुसते आकडे नसत, नावे असत. काम, क्रोध, लोभ, मत्सर या घरी साप. दया, भक्ती, सत्संग अशा घरी शिडी. कवड्यांचे दान पडेल तसे चढायचे, उतरायचे. वर पोहोचला तो सुटला. खेळाडूला पटावरून कायमचे उठवणे हेच या खेळाचे ध्येय होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, हळूहळू घरांची नावे गळाली आणि शंभरावे घर हे फक्त शंभरावे घर उरले. शेवट राहिला, पण सुटकेचा अर्थ गेला. तरीही जुना गुण थोडा टिकून आहे. सापशिडी संपते. कोणीतरी शंभरावर जातो, पट मिटतो आणि पोरे जेवायला जातात.

चौथा प्रकार, ज्याला गोष्ट नाही

हरणे, विटणे, पूर्ण करणे. भाच्याचे यातले काहीच झाले नव्हते. तो हरला नव्हता, त्याला खेळाचा रागही आला नव्हता. खेळ पूर्ण झाला म्हणावे तर तो खेळ पूर्ण होतच नाही. त्याची नुसती गोडी ओसरली होती. पावसाळा संपून नाल्याचे पाणी कमी होत जावे तशी.

असे ओसरणे नवे नाही. तुम्ही-आम्ही गोट्या खेळलो, विटीदांडू खेळलो. गोट्यांचा शेवटचा डाव नेमका कोणत्या दिवशी खेळलो, हे कोणाला आठवते का? मला आठवत नाही. एका हंगामात बरणी भरलेली होती, पुढच्या हंगामात ती माळ्यावर गेली. मधे कुठलाही निर्णय झाला नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. मारिओ आणि काँट्रा गल्लीतल्या सगळ्या पोरांना तोंडपाठ होते. त्यांचेही असेच झाले. त्या वेळी कोणी मामाला जाऊन विचारले नाही, की माझे काय बिघडले.

मग भाच्याला का विचारावेसे वाटले? मला वाटते, याचे उत्तर त्याच्या स्वभावात कमी आणि खेळाच्या घडणीत जास्त आहे. गोट्यांच्या बरणीने कधी हिशेब ठेवला नाही. मारिओला बत्तीस टप्पे होते आणि शेवटी राजकन्या होती. पोहोचलात तर संपले, नाही पोहोचलात तरी टीव्ही बंद केला की संपले. बीजीएमआयसारख्या खेळाला शेवटचे घरच नाही. ठराविक काळाने हंगाम संपतो, श्रेणी खाली घसरते आणि तीच चढण पुन्हा चढावी लागते. रोज हजेरी लावली की बक्षीस, रोजच्या कामगिऱ्या, पैसे भरून घेतलेला रॉयल पास आणि तो संपायच्या आत पुऱ्या करायच्या पायऱ्या. मोक्षपटावर साप पायरीपायरीवर होते, पण वर मोक्ष होता. इथे सगळ्यात वरच्या घरातच साप बसवलेला आहे.

आणि खेळ सोडला तरी हिशेब तिथेच राहतो. किती सामने, किती बळी, कोणती श्रेणी, कोणते कपडे, कोणत्या बंदुकीवर कोणता रंग. मित्र ऑनलाइन आहेत, बक्षीस वाट बघते आहे, अशा सूचना येत राहतात. माळ्यावरची बरणी रोज रात्री हाक मारू लागली असती, तर आम्हालाही अपराधी वाटले असते. भाच्याला जे हरवल्यासारखे वाटत होते, त्यातला मोठा भाग हा या हिशेबाचा होता. चार-पाच वर्षांची कमाई सोडून चाललो, असे त्याला वाटत होते. खरे तर ती कमाई त्याने त्या त्या दिवशी वापरून टाकली होती. खेळताना मिळालेला आनंद हीच ती कमाई.

बक्षिसाने रस वाढतो का?

इथे मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आठवतो. १९७१ साली अमेरिकेत एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना सोमा नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. सात तुकडे जुळवून निरनिराळ्या आकृत्या करायच्या. एका गटाला मधल्या बैठकीत प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर दिला, पुढच्या बैठकीत तो बंद केला. दुसऱ्या गटाला पैसे कधीच दिले नाहीत. मोकळ्या वेळात कोण आपणहून कोड्याला हात लावतो, हे पाहिल्यावर असे दिसले की पैसे मिळालेल्यांचा कोड्यातला रस कमी झाला. बाहेरचे बक्षीस आतल्या गोडीला खाऊन टाकू शकते, हा त्याचा अर्थ. रोजच्या हजेरीचे बक्षीस देणारा खेळ नकळत हेच करतो. खेळ हळूहळू हजेरीपट होतो. भाचा बोलता बोलता म्हणालाच, “ड्यूटीवरनं यायचं अन् परत ड्यूटीच.”

डेसी यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे २००६ साली स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांच्यासोबत थेट व्हिडिओ गेमवर अभ्यास प्रसिद्ध केला. खेळ माणसाला का ओढतो, याची त्यांनी तीन कारणे मांडली. आपल्या मर्जीने काही करता येणे, एखादी गोष्ट आपल्याला चांगली जमते हे जाणवणे आणि आपल्या माणसांशी जोडलेले असणे. या तीन गरजा भागतात तोवर खेळात जीव रमतो.

ही मांडणी हाती घेऊन मी भाच्याची गोष्ट पुन्हा ऐकली. त्याचा चौघांचा स्क्वाड होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आले आणि चौघे पुन्हा जमले. २८ जुलै २०२२ रोजी तेही काढून टाकले गेले. मे २०२३च्या अखेरीस ते परत आले, तेव्हा एक मित्र पुण्याला गेला होता, एकाचे लग्न झाले होते, तिसरा रात्रपाळीत अडकला होता. खेळ तोच होता, नकाशा तोच होता, फक्त कानातल्या आवाजात ओळखीचे कोणी नव्हते. अनोळखी पोरांबरोबर तो वर्षभर खेळला आणि मग मन उडाले. म्हणजे आपल्या माणसांचा धागा आधी तुटला होता. मर्जीची जागा हजेरीने घेतली होती. उरले होते ते कौशल्य, आणि तेही आता कारखान्यात सीएनसी मशीनकडे वळले होते. मशीनचा प्रोग्रॅम लिहायला तो सहकाऱ्यांकडून शिकत होता आणि त्यात त्याचे तास कसे जात, हे त्याला कळत नव्हते.

त्याची आवड गेली नव्हती, तिने जागा बदलली होती. इथे एक खुलासा करतो. मशीन उपयोगाचे आणि खेळ निरुपयोगी, असे मला म्हणायचे नाही. तो कबुतरे पाळू लागला असता किंवा गावातल्या भजनी मंडळात पखवाज शिकू लागला असता, तरी मी हेच लिहिले असते. खेळाने त्याच्या तीन गरजा काही वर्षे भागवल्या. पुढे त्या दुसरीकडे भागू लागल्या. यात खेळाची हार नाही आणि खेळाडूचीही नाही.

ज्या खेळाला शेवट आहे

या निकषावर एक खेळ तपासून पाहतो. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केलेला खेळ. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही ऑगस्ट २०२० मध्ये खेळ निंटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होते.

कथा साधी आहे. कसरती करून पोट भरणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत बोलत असतात, तेच या कथेचे निवेदन. वाड्यांत आणि किल्ल्यांत भिंतीवरची चित्रे उजळतात, जुन्या कथा सांगतात. चकत्या फिरवून मोडलेले चित्र जुळवले की राजीला भावाची आठवण येते.

दोष आहेत. लढाया पुढे पुढे सारख्याच वाटू लागतात, कोडी फार सोपी आहेत आणि शेवट घाईने येतो. पण हा खेळ चार-पाच तासांत संपतो आणि संपल्यावर गप्प बसतो. उद्या या, बक्षीस घ्या, असे तो म्हणत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या मलाही तो पुरा करता आला, आणि पुरा झाल्यावर मी वेरूळला जाऊन आलो, कारण त्यातल्या भिंतींनी मला आपल्या भिंती पुन्हा बघायला लावले होते. खेळाने माणसाला आपल्यापासून दुसरीकडे पाठवावे, हा त्याचा मोठा गुण. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली खेळावर लिहिलेल्या ग्रंथात खेळाचे एक लक्षण सांगितले आहे, की तो काळाच्या आणि जागेच्या मर्यादेत चालतो आणि केव्हातरी संपतो. संपल्यावर तो आठवणीत राहतो आणि परंपरेत जातो. जो संपतच नाही, त्याची आठवण तरी कधी तयार व्हायची?

अर्थात न संपणारा प्रत्येक खेळ वाईट, असा सरसकट निवाडा मी देणार नाही. बुद्धिबळही कधी संपत नाही. पण बुद्धिबळाचा पट तुम्ही आठवडाभर आला नाहीत म्हणून तुमची श्रेणी कापत नाही आणि हाका मारत नाही. प्रश्न लांबीचा नाही, सोडण्याचा आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

आपल्याकडचे नियम मुख्यतः तास मोजतात. बीजीएमआय परत आले तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा आली. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साधे खेळ त्यातून वेगळे काढले. ते योग्यच झाले. पण हरिपाळदेवाचे द्यूत आणि भाच्याचा स्क्वाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरात बोलताना आपणही लक्षात ठेवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाचा विकार १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याची खूण खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यावर खेळाने कुरघोडी करणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही आहे, आणि हे साधारणतः वर्षभर चाललेले असावे लागते. पुष्कळ खेळणारा प्रत्येक मुलगा त्यात बसत नाही. जो बसतच नव्हता, तो ‘सुटला’ म्हणून पेढे वाटणेही मग चुकीचे ठरते. अशाने त्याची ती सगळी वर्षे आजारपणात जमा होतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मन खेळावरून उडाले आहे, की सगळ्यावरूनच उडाले आहे, हे नक्की विचारावे. पूर्वी आवडणाऱ्या कशातच जीव लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, माणसे नकोशी वाटतात आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, असे असेल तर ते आवड बदलणे नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि तिथे डॉक्टरकडे जाणे हाच मार्ग. ‘मोबाइल सुटला’ या आनंदात घरच्यांच्या नजरेतून ही खूण निसटू शकते. म्हणून मी भाच्याला आधी झोपेविषयी विचारले, जेवणाविषयी विचारले, मित्रांविषयी विचारले. मशीनविषयी बोलताना त्याचे डोळे लकाकले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

भाच्याला द्यायचे उत्तर

तर वर्षभरानंतरचे उत्तर असे. काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही. तू शिवासारखा हरला नाहीस, हरिपाळदेवासारखा विटला नाहीस, आणि मोक्षपटासारखे शेवटचे घर तुझ्या खेळाने तुला दिलेच नाही. ते घर तुझे तुलाच आखून घ्यावे लागले. खेळ चांगला होता. तुम्ही चौघे त्यात चांगले खेळलात, हसलात, भांडलात. ते झाले आणि संपले. श्रेणी घसरेल, तिला घसरू दे.

परवा त्याचा फोन आला होता. यंदाच्या दिवाळीत पुण्याचा मित्र गावी येतो आहे आणि चौघे एका रात्री जमणार आहेत. मी विचारले, “खेळणार का?” तो म्हणाला, “एखादा डाव खेळू मामा, मग गप्पाच मारू.” द्यूतप्रतिपदेलाही एवढेच अपेक्षित असावे. वर्षातून एकदा पट मांडावा, आपल्या माणसांसोबत खेळावे, हसावे आणि दिवे विझायच्या आत पट मिटून ठेवावा.